ताणलेली आठ मिनिटं

मी बोलताना अडखळते. अगदी लहानपणापासून. प, क आणि त ही अक्षरं माझ्याशी विशेष वैर धरून आहेत, बाकीची मनाला येईल तशी वागतात. अशा माणसाच्या घरात त्याची वाक्यं पुरी करून देणारं कुणीतरी असतंच. आमच्याकडे ते काम आईकडे होतं. मी नुसतं 'प' म्हटलं की ती पाणी, पोळी, पंखा, पांघरूण असं एकेक पुढे करत जायची, आणि मला हवं असलेलं बहुतेक वेळा त्यात नसायचंच. शेवटी मी दमून पोळी घ्यायचे. अशा नको असलेल्या पोळ्या मी पुष्कळ खाल्ल्या आहेत.

दादाने असं कधी केलं नाही. मी अडकले की तो नुसता थांबायचा. हातातलं काम तसंच धरून माझ्याकडे बघत राहायचा. पुढचा शब्द त्याला कळलेला असायचा, पण तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. दुकानात, पाहुण्यांत, डॉक्टरांकडे, सगळीकडे असाच. जगात तेवढ्या एका माणसापुढे मला घाई नसायची. ह्याला खात्री आहे, ही पोचेल शेवटपर्यंत, असं मी त्याच्या थांबण्याचं भाषांतर करून ठेवलं होतं. ते बरोबर होतं का, हे मला आता सांगता येत नाही, आणि गेल्या मार्चपासून हीच माझी तक्रार आहे.

दादाचं काम काय, हे लोकांना चटकन समजत नाही. कंपन्यांच्या सभा, डॉक्टरांच्या परिषदा, बक्षीस समारंभ अशा कार्यक्रमांत तो वेळ सांभाळतो. स्टेजच्या कडेला, बोलणाऱ्याच्या पायांपाशी, एक तिरका पडदा ठेवलेला असतो. त्यावर मोठाले आकडे उलटे मोजत खाली येतात. आधी हिरवे, शेवटची दोन मिनिटं उरली की पिवळे, वेळ संपली की लाल, आणि लाल झाले की लुकलुकायला लागतात. प्रेक्षकांना हा टायमर दिसत नाही. तो फक्त बोलणाऱ्यासाठी. हॉलच्या मागच्या टोकाला लॅपटॉप घेऊन बसलेला दादा तो चालवत असतो.

ह्या धंद्यातली आतली गोष्ट अशी, की ते घड्याळ खरं चालत असेलच असं नाही. लॅपटॉपवर त्याची चाल कमी-जास्त करता येते. दूधवाला दुधात पाणी घालतो तसं मिनिटात पाणी घालता येतं. एक ठरलेले पाहुणे आहेत, 'वेळेअभावी थोडक्यात सांगतो' म्हणून सुरुवात करतात आणि मग लोकांच्या जेवणावर उठतात. त्यांच्यासाठी दादा घड्याळ पळवतो. आकडे भराभर उतरतात, लाल दिसतं, पाहुणे आवरतं घेतात आणि खाली उतरून स्वतःच्या शिस्तीचं कौतुक करतात. उलट कुणी थकलेले म्हातारे सत्काराला उत्तर देत असतील तर तो घड्याळ ताणतो. आकडे सावकाश सरकतात, म्हाताऱ्यांना वाटतं अजून अवकाश आहे, ते निवांत बोलतात. रात्री जेवताना दादा हे किस्से सांगायचा आणि आई, मी पोट धरून हसायचो. कामोठ्याच्या आमच्या घरात त्याच्या घड्याळाइतकी करमणूक टीव्हीनेही केलेली नाही.

मी पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका लहान कारखान्यात सुरक्षेचं काम बघते. आमच्याकडे रंग पातळ करायच्या थिनरची पिंपं येतात. पिंपातून थिनर ओतताना घर्षणाच्या विजेने ठिणगी पडू नये म्हणून पिंपाला तारेचा एक चिमटा लावून ती तार जमिनीत सोडायची असते. लावायला क्षणभर लागतो, पण माणसं लावत नाहीत. घाई असते, चिमटा हाताला अडतो, आणि काल काही झालं नाही म्हणजे आजही होणार नाही असा सगळ्यांचा ठाम विश्वास असतो. मी ओरडून सांगण्यातली नाही, ते माझ्याच्याने होतही नाही. म्हणून मी एक केलं. पिंपाचं झाकण उघडायचा पाना त्या चिमट्यालाच आखूड साखळीने बांधून टाकला. चिमटा पिंपाला लावल्याशिवाय पाना झाकणापर्यंत पोचतच नाही. कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही आणि चिमटे लागायला लागले.

वसाहतीतले कारखाने दर मार्चला वाशीच्या एका हॉलमध्ये एकत्र येतात आणि सुरक्षेसाठी काय नवं केलं ते सांगतात. प्रत्येकाला आठ मिनिटं. आमच्याकडून दर वर्षी माझं काम असायचं आणि बोलायला आमचा एक सहकारी जायचा. माणूस वाईट नाही, पण त्याच्या तोंडाला लगाम नाही. माझी कामं तो 'आमच्या टीमने' म्हणून सांगायचा, मध्येच दोन विनोद घालायचा, आणि मी खाली तिसऱ्या रांगेत बसून माझ्याच कामाला टाळ्या वाजवायचे. यंदा मी साहेबांना म्हटलं, पान्याचं मी बोलेन. म्हटलं म्हणजे, म्हणायला वेळ लागला. ते समोरच्या फायलीकडे बघत थांबले आणि म्हणाले, ठीक आहे, यंदा करून बघा, वेळेत बसलं तर पुढेही तुम्हीच करा. नाही बसलं तर तो आहेच. एवढी साधी अट होती. माझं काम माझ्या तोंडून, कायमचं, किंवा कायमचं नाही.

मला कमालीचा आनंद झाला. दादाने त्याच्याकडचा जादा टायमर घरी आणला. ओट्याखाली, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला. मी फ्रिजपाशी उभी राहिले, दादा आणि आई समोर. पहिल्या दिवशी माझं निम्मं बोलून व्हायच्या आत आकडे लाल झाले. 'पिंप' ह्या शब्दावर तर मी इतकी अडकले, की आईने मटार सोलायचे सोडून पदर तोंडाला लावला. तिला बोलायची बंदी होती. दादा नेहमीसारखा थांबला.

मग त्याचा हंगाम सुरू झाला. मार्चमध्ये सगळ्या कंपन्यांना सभा आठवतात. तो घरी यायचा तेव्हा मी झोपलेली असायचे. पण मी रोज संध्याकाळी पिठाच्या डब्यासमोर उभी राहत होते. भाषण छाटत छाटत इतकं लहान केलं की सरळ बोलणारा माणूस ते पाच मिनिटांत संपवून चहाला जाईल. उरलेला वेळ माझ्या अडखळण्यासाठी राखून ठेवला. कुठे किती अडकणार ते मला माहीत होतं, ह्या बाबतीत माझ्याइतकी जाणकार मीच. 'पिंप' शब्दाला मी पळवाट शोधली नाही. एरवी एका शब्दाने दार लावून घेतलं की मी दुसऱ्या शब्दाने आत शिरते. पण पिंपाच्या भाषणात पिंप म्हणायचं नाही, तर मग त्या सहकाऱ्यालाच पाठवलेलं काय वाईट? अडकायचं, पण म्हणायचं, असं ठरवलं. हळूहळू ते अंगात बसलं. शेवटचा फोटो, साखळीला लटकलेल्या पान्याचा, पडद्यावर आला की आकडे पिवळे व्हायचे. रोज तिथेच. पिवळं झालं की मी मनात म्हणायचे, आता दोन वाक्यं, आणि सुटले.

हे दादाला सांगायचं राहून गेलं. त्याने कधी विचारलं नाही आणि मला वाटलं, विचारायचं काय त्यात. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्याने सांगितलं, की वाशीच्या हॉलचं काम त्याच्याच कंपनीकडे आहे आणि घड्याळावर तोच बसणार आहे. मला बळ आलं. समोर हजार डोळे असले तरी मागच्या टोकाला तो असेल, थांबलेला.

हॉल थंडगार होता. आमचे साहेब पहिल्या रांगेत, शेजारी तो सहकारी, त्याच्या हातात माझ्या भाषणाची प्रत, लागलीच तर असावी म्हणून. निवेदकाने आमच्या कारखान्याचा पुकारा केला. मी चढले. पायांपाशी टायमर होता, घरच्यासारखाच, आणि आकडे हिरवे झाले.

सुरुवात चांगली झाली. हे मी कुणाच्याही भिडेखातर म्हणत नाही, चांगली झाली. पिंपावर अडकले, ठरल्याइतकीच अडकले, निघाले. लोक जरा चुळबुळले आणि मग त्यांनाही माझी चाल समजली. कामगार चिमटा का काढून ठेवतात ते सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी 'बरोबर' म्हणालं. इतकी वर्षं माझ्या कामावरच्या टाळ्या मी तिसऱ्या रांगेतून ऐकल्या होत्या. ते 'बरोबर' थेट माझ्याकडे आलं. मला आत कुठेतरी ऊब वाटली. पडद्यावर पान्याचा फोटो आला आणि मी सवयीने खाली पाहिलं.

आकडे हिरवे होते. पिवळे व्हायला अजून बराच अवकाश होता.

बोलणाऱ्या माणसाला ह्यात काय वाटेल? वेळ उरला, बरं झालं. मला तसं वाटूच शकत नाही. अवघड शब्दाला वळसा घालताना माझ्याकडून कधीकधी अख्खी वाक्यं सुटतात. मला वाटलं, काहीतरी मोठं गिळलंय मी. काय गिळलं? चिमट्याचं सांगितलं का? सांगितलं असं आठवत होतं, पण ती आठवण आजची की काल स्वयंपाकघरातली, ते कळेना. घड्याळ समोर होतं आणि घड्याळावर मी माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवला. मी मागे गेले. कामगार चिमटा का काढून ठेवतात, ते पुन्हा सांगू लागले.

पहिल्या रांगेत साहेबांनी मान कलती केली. सहकाऱ्याने हातातला कागद वर धरला आणि ओठांनी 'झालंय, झालंय' म्हणाला. मग मला कळलं की आपण झालेलंच पुन्हा सांगतोय, आणि वाक्य मध्येच सोडून द्यायला गेले तर त्या सोडून देण्याची माझी तयारीच नव्हती. 'तर' म्हणायचं होतं. एवढासा शब्द. तो निघेना. मी टायमरकडे बघत त त करत उभी राहिले. सेकंदाचा आकडा बदलला, मग कितीतरी वेळाने पुन्हा बदलला.

एक सेकंद केवढा असतो ते मला विचारा. अडकलेल्या शब्दापाशी उभी राहून मी जन्मभर ते मोजलेत. हे सेकंद फुगलेले होते. मी मान वर करून हॉलच्या मागच्या टोकाला पाहिलं. लॅपटॉपच्या उजेडात दादाचा चेहरा दिसला. तो माझ्याकडे बघून हसत होता, मायेने, धीर देत. ज्या म्हाताऱ्यांच्या गोष्टी ऐकून मी पोट धरून हसले होते, त्यांच्या रांगेत त्याने मला नेऊन बसवलं होतं.

पुढचं मी कसं संपवलं ते नीट आठवत नाही. आकडे नुकते पिवळे झाले होते आणि निवेदक फुलांचा गुच्छ घेऊन माझ्या कोपरापाशी येऊन उभा राहिला होता, कारण त्याच्या मनगटावरचं घड्याळ खरं होतं. माझ्या घड्याळात अजून वेळ होता आणि साऱ्या हॉलच्या घड्याळात मी केव्हाच संपले होते. वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत, असं तो गोड आवाजात म्हणाला. टाळ्या पडल्या. शर्यतीत शेवटून पहिल्या आलेल्या मुलाला पडतात तशा, भरपूर.

चहाच्या वेळी दादा दोन कप घेऊन माझ्याकडे आला. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघितलंस ना? लाल लागलंच नाही. म्हटलं होतं ना, टेन्शन घेऊ नको."

मी त्याला म्हटलं की घड्याळ ताणलेलं होतं. एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असेल, पण तो थांबला. मग मी म्हटलं की मी पिवळ्यावर बांधलं होतं सगळं, अडखळण्याचा वेळ मी आधीच ठेवला होता. रागाने मला रडू येत होतं आणि रडू येतंय ह्याचाही राग येत होता. त्याने कप खाली ठेवले आणि सरळ साहेबांकडे गेला. मी मागे गेले.

साहेब निघायच्या घाईत होते, गाडी दाराशी लागली होती. दादाने त्यांना सांगितलं, सर, चूक माझी आहे, टायमर मी हळू केला होता, बहिणीला वेळ पुरावा म्हणून. हे कबूल करणं सोपं नव्हतं. त्याच्या कंपनीला कळलं असतं तर नोकरीवर आलं असतं. साहेबांनी ऐकून घेतलं. भला माणूस आहे तो, त्यांच्या तोंडावर खरंच कीव होती.

"म्हणजे जास्त वेळ देऊनही पुरला नाही," ते म्हणाले. "असू दे. पुढच्या वर्षी तुम्ही तयारी करा, बोलेल तो. तुम्हालाही त्रास नको."

तसं नाही, हे मला सांगायचं होतं. घड्याळ खरं असतं तर मी वेळेत उतरले असते, ताणलं म्हणून चुकले. हे वाक्य लांब आहे, आणि त्यात माझे सगळे वैरी एकदम उभे आहेत. मी सुरुवात केली. साहेब क्षणभर थांबले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, कळलं, कळलं. त्यांना काहीही कळलं नव्हतं. दादा बाजूला उभा होता. ते वाक्य त्याला पुरं ठाऊक होतं, आणि तो थांबला होता, नेहमीसारखा, माझ्याकडे बघत. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की ह्याने माझं वाक्य पुरं करावं. गाडी निघून गेली.

घरी येताना खांदेश्वरच्या वळणावर त्याने एकदा स्कूटर बाजूला घेतली, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग पुन्हा सुरू केली. आईने दार उघडताच, कसं झालं, असं विचारलं आणि आमच्याकडे बघून बाजूला झाली.

मी कपडेही न बदलता फ्रिजपाशी जाऊन उभी राहिले. दादाला म्हटलं, लाव घड्याळ. खरं लाव. त्याने पिठाच्या डब्याला टेकवलेला टायमर सुरू केला आणि खाली फरशीवर बसला. मी पहिल्यापासून बोलले. घसा बसला होता. पिंपावर अडकले, निघाले. चिमट्याचं सांगितलं. एका जागी ठरल्यापेक्षा जास्त अडकले, पुढच्या जागी ते भरून काढलं. फोटो नव्हता, म्हणून पान्याशी आले तेव्हा नुसता हात वर केला. आकडे पिवळे झाले. शेवटची दोन वाक्यं म्हणून मी थांबले तेव्हा लाल व्हायला वेळ उरला होता, आणि तो आम्ही तिघांनी बघत बघत संपू दिला.

आईने डोळे पुसले. तिला वाटलं मी जिंकले. दादा लाल आकड्यांकडे बघत बसला होता. ते लुकलुकत होते, पण बंद करायचं त्याला सुचत नव्हतं.

"मला कुठे माहीत होतं, एवढं बसवलंयस ते," तो म्हणाला.

"विचारायचंस."

त्याने हात पुढे करून टायमर बंद केला. मग म्हणाला, "मला भीती वाटली गं. तू तिथे अडकून उभी राहशील आणि लाल लागेल, ते मला बघवलं नसतं."

म्हणजे भीती होती. केव्हापासून होती, ते मी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे सगळी थांबणी येऊन गेली, दुकानातली, डॉक्टरांकडची, आणि प्रत्येक ठिकाणी मी त्याच्या चेहऱ्यात शोधत होते की तिथे खात्री होती की हेच होतं. माझा दादावर जीव आहे. तो तेव्हाही होता, त्या क्षणीही, म्हणून तर ते इतकं लागलं. मला त्याला सांगायचं होतं आणि ते वाक्य, कसं कोण जाणे, कुठेही न अडकता निघालं.

"मला नव्हती वाटत भीती," मी म्हटलं. "आता वाटते."